तोंडातला अंगठा





वार्तापत्राच्या या पानावर आम्ही बहुधा निकाल, शिष्यवृत्त्या, स्नेहसंमेलन नाही तर फीच्या तारखा यांविषयी लिहितो. या वेळी विषय जरा वेगळा आहे. बालवर्ग आणि पहिलीच्या पालक-सभेत एका आजींनी उभे राहून विचारले, "बाई, आमची नात सहा वर्षांची झाली तरी अंगठा चोखते. शाळेत तुम्ही काही बोलत नाही का तिला?" आजींचे बोलणे पुरे होण्याआधीच शेजारी बसलेल्या सूनबाई हळूच म्हणाल्या, "आई, घरी आपण इतकं बोललो, त्यानं काय झालं?" सभेत हशा पिकला. पण सभा संपल्यावर सात-आठ पालक मागे थांबले. कोणाचा मुलगा दोन बोटे चोखतो, कोणाची मुलगी चोखणीशिवाय झोपत नाही, कोणाला चादरीचे टोकच लागते. हसणाऱ्यांतलेच बरेच जण त्यात होते.

त्याच आठवड्यात विश्वस्त मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांनी सुचवले की प्रवेश-अर्जात या सवयीचा एक रकाना ठेवावा आणि अशा मुलाला पहिलीत एक वर्ष उशिरा घ्यावे, म्हणजे वर्गाला चांगले वळण राहील. त्यांचा हेतू शाळेच्या भल्याचाच आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. सूचना मात्र आम्हाला पटली नाही. पुढच्या बैठकीत हा विषय येणार आहे. त्याआधी सर्वांनी शांतपणे विचार करावा, म्हणून हे चार शब्द.

आमचे सारे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. बी.एड.च्या वेळी बालमनोविज्ञानाचे जे पुस्तक आम्ही वाचले, त्यात अंगठा चोखणे 'बुरी आदतें' या मथळ्याखाली होते. खोटे बोलणे आणि चोरी करणे यांच्या रांगेत. घरी मराठीत आजी म्हणायची, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही." म्हणजे दोन्ही भाषांत अंगठ्याची बाजू घेणारे कोणी नव्हते. पुढे तीस वर्षे लहान मुलांत गेली. जे पाहिले आणि डॉक्टर मंडळींकडून व पुस्तकांतून जे समजून घेतले, त्यावरून आमचे मत बदलत गेले. खोड बहुतेक मुलांची जाते आणि आपली आपणच जाते. जी जात नाही, तिला अनेकदा आपणच धरून ठेवलेले असते.

मुळात ही गोष्ट सुरू कुठे होते? आईच्या पोटात. सोनोग्राफीत पोटातले बाळ अंगठा चोखताना दिसते, हे आता पुष्कळ आईबाबांनी डोळ्यांनी पाहिले आहे. उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट येथे पीटर हेपर यांनी अशा ७५ मुलांचा मागोवा घेऊन २००५ साली एक मजेशीर गोष्ट मांडली. पोटात असताना उजवा अंगठा चोखणारी ६० मुले होती, ती सगळी पुढे उजव्या हाताने लिहू लागली. डावा अंगठा चोखणारी १५ होती, त्यांपैकी १० डावखुरी निघाली. म्हणजे कोणत्या हातात पेन्सिल येणार, याची खूण काही अंशी जन्माआधीच दिसते, आणि ती दाखवतो अंगठा!

चोखता आले नाही तर बाळ दूध पिऊ शकणार नाही. म्हणून निसर्गाने ही क्रिया त्याला शिकवूनच पाठवलेली असते. ओठांना काही लागले की तान्हे बाळ तोंड वळवते आणि चोखू लागते. पोट भरल्यावरही चोखल्याने त्याला शांत वाटते, रडे थांबते, झोप लागते. मोठ्यांना चिंता लागली की कोणी सुपारी चघळतो, कोणी पेनचे टोपण चावतो. पालक-सभेत दुसरीच्या गणिताचा निकाल सांगताना किती पालकांची नखे तोंडाशी जातात, तेही आम्ही पाहिले आहे. बाळाजवळ सुपारी नाही, पेन नाही. त्याच्याजवळ अंगठा आहे.

आपण इंदूरकर ओंकारेश्वरला वर्षातून एकदा तरी जातो. नर्मदेतल्या ज्या बेटावर ते मंदिर आहे, त्याचे नाव मांधाता. या राजाची कथा महाभारतात आहे. युवनाश्व राजाने रात्री तहानेने व्याकूळ होऊन राणीसाठी मंत्रून ठेवलेले पाणी स्वतःच पिऊन टाकले आणि बाळ त्याच्याच कुशीतून जन्मले. आता आई नसलेल्या या बाळाला दूध कोण पाजणार? देवांना प्रश्न पडला. तेव्हा इंद्राने आपली तर्जनी बाळाच्या तोंडात दिली आणि 'हा मलाच चोखेल' अशा अर्थाचे शब्द उच्चारले. त्या शब्दांवरून नाव पडले मांधाता. कथा कथेच्या जागी. पण रडणाऱ्या बाळाला आधी चोखायला काही तरी हवे असते, हे त्या जुन्या कथाकाराला नीट ठाऊक होते. प्रलयाच्या पाण्यात वडाच्या पानावर पहुडलेला बालमुकुंद आठवा. चित्रकारांनी त्याला पायाचा अंगठा तोंडात घेतलेला दाखवला आहे आणि आपण त्या चित्राला हात जोडतो. तेच आपल्या घरच्या बाळाने चौथ्या वर्षी केले की हातावर चापट बसते.

ही भीती फक्त आपल्याकडचीच नाही. जर्मनीत फ्रँकफर्ट येथील हाइनरिश हॉफमन नावाच्या डॉक्टरांनी आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी गोष्टींचे एक चित्रमय पुस्तक तयार केले. ते १८४५ साली छापले गेले आणि जगभर गेले. त्यात कोनराड नावाचा मुलगा आहे. आई बाहेर गेल्यावर तो अंगठा तोंडात घालतो. मग मोठी कात्री घेतलेला शिंपी धावत येतो आणि त्याचे दोन्ही अंगठे कापून टाकतो. ही गोष्ट लहान मुलांना झोपताना वाचून दाखवत! पुढे १८७९ साली बुडापेस्टचे बालरोगतज्ज्ञ लिंडनर यांनी या सवयीवर सविस्तर लिहिले आणि १९०५ साली फ्रॉइड यांनी त्यांचाच आधार घेऊन आपले विचार मांडले. त्यानंतर अंगठ्याकडे संशयानेच पाहिले जाऊ लागले. अमेरिकन सरकारने १९१४ साली मातांसाठी काढलेल्या पुस्तिकेत बाळाची बाही बोटांवरून खाली ओढून पिनेने अडकवून ठेवण्याचा सल्ला होता. पुढच्या काळात तिथल्याच डॉक्टरांनी ही सक्ती सोडून दिली.

आपल्याकडे शिंपी नव्हता, पण काळा बोळ होता, कडुनिंब होता, कारल्याचा रस होता आणि कुठे कुठे मिरचीही होती.

आमच्या धाकट्या भावाची हकीकत त्याला विचारूनच येथे देत आहोत. साल १९७८-७९. तो पाच वर्षांचा होता. घरात आजी, आत्या, काकू, येणारे-जाणारे पाहुणे, असा मोठा कारभार. त्याच्या अंगठ्याला प्रथम काळा बोळ लावला. त्याने रडत रडत तो चाटून संपवला. मग मिरची लावली. तेच हात त्याने डोळ्यांना लावले आणि रात्रभर घर जागे राहिले. मग जुन्या धोतराच्या चिंध्यांनी उजवा हात बांधला, तर तो डावा अंगठा चोखायला शिकला. पाहुणे आले की त्याला बोलावून "दाखव रे तुझा अंगठा" म्हणत. पाण्यात राहून पांढरा पडलेला तो अंगठा सर्वांना दाखवला जाई आणि सगळे हसत.

परिणाम काय झाला? त्याने सर्वांसमोर चोखणे सोडले आणि धान्याच्या कोठीमागे जाऊन चोखू लागला. पूर्वी झोपेच्या वेळी जे चाले, ते आता दिवसातून दहा वेळा होऊ लागले, कारण घाबरायला दहा कारणे झाली होती. सवय नवव्या वर्षापर्यंत टिकली. सुटली ती एका उन्हाळ्याच्या सुट्टीत, देवासला मामाकडे. तिथे कोणी काही बोलले नाही. मामाने तबल्यावर बसवले, दुपारभर कॅरम खेळला. दोन महिन्यांनी परत आला तेव्हा अंगठ्यावरचे घट्टे मऊ झाले होते. पण तोपर्यंत वरचे पुढचे दात बाहेर आले होते. शाळेत त्यावरून नावे ठेवली गेली. लग्नाच्या वर्षी त्याने तार लावून दात सरळ करून घेतले. आज तो स्वतः दोन मुलांचा बाप आहे, दात सुंदर आहेत. तरी हसताना त्याचा हात अजून तोंडापुढे जातो. दात तारेने सरळ झाले, पण हाताची ती सवय कोणत्याही डॉक्टरला काढता आली नाही.

आता चोखणीविषयी. हिंदीत हिला चुसनी म्हणतात. रबरी चोखणी ही अलीकडची वस्तू. न्यूयॉर्कच्या मायनेके यांनी १९०० साली तिच्या आजच्यासारख्या रूपाचे पेटंट घेतले. पण त्याआधी युरोपात कापडाच्या पुरचुंडीत साखर किंवा पाव बांधून बाळाच्या तोंडात देत. जर्मन चित्रकार ड्यूरर याने १५०६ साली काढलेल्या मेरी आणि बाळ येशूच्या एका चित्रात बाळाच्या हातात अशीच पुरचुंडी आहे. आपल्याकडेही तोंडात धरायचे लाकडी खुळखुळे होतेच.

चोखणी वाईट की चांगली, याचे उत्तर वयावर अवलंबून आहे. अगदी पहिल्या आठवड्यांत, आईचे दूध नीट सुरू होईपर्यंत ती देऊ नये, असे डॉक्टर सांगतात; बाळ चोखणीत रमले तर अंगावर पिणे कमी होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९८९ साली स्तनपानासाठी जी दहा पावले सांगितली, त्यांत चोखणीला सरळ मनाई होती. २०१८ साली त्यात बदल होऊन मातेला तिचे धोके समजावून सांगावेत असे म्हटले आहे. दुसरीकडे, अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना २००५ पासून सांगत आली आहे की दूध पिणे स्थिरावल्यावर झोपताना चोखणी दिल्यास झोपेत अचानक दगावण्याचा तान्ह्या बाळाचा धोका कमी होतो. सहा महिन्यांनंतर मात्र ती कमी करत जावी, कारण सतत चोखणी घेणाऱ्या मुलांचे कान जास्त वेळा फुटतात, दुखतात. आणि दोन ते तीन वर्षांच्या दरम्यान ती सुटलेली असावी.

चोखणीच्या बाबतीत तीन गोष्टी मात्र कोणत्याही वयात करू नयेत. चोखणी मधात किंवा साखरेत बुडवून देऊ नये. साखरेने दात किडतात, आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नये. त्यातून बॉटुलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. आजी मंडळींना हे पटायला जड जाईल, कारण मध चाटवण्याची आपली रीत जुनी आहे. पण बालरोगतज्ज्ञांना जरूर विचारावे. दुसरे, चोखणी काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालू नये. झोपेत तो दोरा फास होऊ शकतो. तिसरे, चोखणी जमिनीवर पडली की पदराला पुसून परत तोंडात देऊ नये. धुवावी, आणि चीर पडली तर टाकून द्यावी. तुकडा घशात अडकतो.

चोखणी टाकून देता येते, अंगठा टाकता येत नाही. म्हणून अंगठ्याचे काम जरा धीराने घ्यावे लागते. पालकांना सर्वांत जास्त भीती दातांची असते, आणि ती अगदी खोटी नाही. अंगठा टाळूला टेकून वरच्या पुढच्या दातांना बाहेर रेटतो आणि खालच्यांना आत. गाल आत ओढले जाऊन वरचा जबडा अरुंद होतो. काही मुलांचे मागचे दात मिटले तरी पुढे फट राहते, त्या फटीत जीभ जाते आणि 'स' बोबडा होतो. पण हे सर्वांना सारखे होत नाही. अंगठा नुसता तोंडात ठेवून झोपणारे मूल आणि तासन् तास जोराने चोखणारे मूल यांत फरक आहे. अंगठा बाहेर काढताना 'टॉक' असा आवाज येत असेल, तर जोर जास्त आहे असे समजावे.

खरे महत्त्व वयाला आहे. बहुतेक मुले दोन ते चार वर्षांच्या दरम्यान आपण होऊन सोडतात. दुधाचे दात असेपर्यंत सवय सुटली तर बिघडलेली ठेवण पुष्कळदा आपोआप सुधारते. पक्के दात साधारण सहाव्या वर्षापासून येऊ लागतात, त्याआधी सवय सुटावी एवढेच पाहायचे. म्हणून आम्ही पालकांना सांगतो: चार वर्षांपर्यंत दुर्लक्ष, चार ते सहा मदत, आणि सहानंतरही चालू असेल तर दंतवैद्य. चोखणीमुळे किंवा जोराच्या चोखण्यामुळे दातांत फरक दिसू लागला, तर मात्र आधीच दाखवावे.

दुसरी भीती जंतूंची. मातीत खेळलेला अंगठा तोंडात गेला की कृमींची अंडी पोटात जातात. त्यासाठी नखे कापणे आणि हात धुणे हाच उपाय. २०१५ पासून देशात राष्ट्रीय कृमिमुक्ती दिन पाळला जातो, त्यावेळी शाळेत मिळणारी गोळी चुकवू नये. याची एक दुसरी बाजूही आहे. न्यूझीलंडच्या डनिडिन शहरातील मुलांच्या दीर्घ अभ्यासातून २०१६ साली असे दिसले की लहानपणी अंगठा न चोखणाऱ्या आणि नखे न खाणाऱ्या मुलांपैकी ४९ टक्के मुलांना तेराव्या वर्षी त्वचेच्या चाचणीत कसली ना कसली ॲलर्जी निघाली. दोन्ही सवयी असणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्के होते. दमा आणि सर्दी-शिंकांच्या त्रासात मात्र फरक नव्हता. म्हणून कोणी मुलांना अंगठा चोखायला लावावे असे ते संशोधकही म्हणत नाहीत. पण अंगठा म्हणजे विष, हेही खरे नाही.

मग घरी काय करावे? आधी आठवडाभर फक्त पाहावे. अंगठा केव्हा तोंडात जातो? टीव्हीसमोर? भूक लागल्यावर? नवे भावंड आल्यावर? शेजारी भांडणाचा आवाज आल्यावर? वेळ कळली की अर्धे काम होते. टीव्हीसमोर जात असेल तर हातात शेंगा सोलायला द्या, कणकेचा गोळा द्या. थकव्याने जात असेल तर अर्धा तास लवकर झोपवा. मग मुलाशी एकांतात बोला: "तुला सोडायचं आहे का? मी मदत करू?" मूल 'हो' म्हणेपर्यंत थांबा. आधी दिवसाचे सोडवा, रात्रीचे मागून. ज्या दिवशी दिवसा अंगठा तोंडात गेला नाही, त्या दिवशी मुलाने स्वतः दिनदर्शिकेवर एक ठिपका काढावा. सात ठिपके झाले की त्याच्या आवडीचे काही करावे. पेढाच हवा असे नाही, राजवाड्यापर्यंत आजोबांबरोबर फेरफटकाही चालतो. एखादा दिवस चुकला तर मागचे ठिपके पुसू नयेत. २०१५ साली या विषयावरच्या चाचण्यांचा जो आढावा घेतला गेला, त्यातही असे प्रोत्साहन काहीच न करण्यापेक्षा उपयोगी पडते असे दिसले, जरी त्या चाचण्या थोड्या आणि लहान होत्या. रात्रीसाठी हातमोजा घालायचा तर तो मुलाने स्वतः निवडलेला असावा. कडू लावायचे तर त्याला सांगून, आठवण म्हणून. चोरून लावले की तो सूड वाटतो. मिरची कधीच नाही.

आणि आता शाळेविषयी. पहिलीतल्या एका मुलीचा अंगठा दिवसभर तोंडात असतो, अशी तक्रार होती. वर्गातील बाईंना आम्ही सांगितले की आठ दिवस तिला काही बोलू नका, फक्त वहीत वेळ लिहून ठेवा. वही पाहिली तर दिवसभर नव्हताच. गणिताच्या तासाला अंगठा नव्हता, चित्रकलेला नव्हता, डबा खाताना नव्हता. तो जात होता मराठी गोष्टीच्या तासाला, आणि कवितेच्या तासाला. मुलीचे वडील मराठी, आई माळव्यातल्या हिंदीभाषक घरातली. घरी हिंदी, गल्लीत हिंदी. बाई रंगून गोष्ट सांगत होत्या, बाकीची मुले हसत होती, आणि ही का हसतात हे न कळून बसत होती. तेव्हा तिला धरायला दुसरे काही नव्हते.

आपल्या मुलांची ही अडचण आम्हाला नवी नाही. आम्ही घरातून मराठी घेऊन हिंदी शाळेत गेलो होतो. ही मुले हिंदी घेऊन मराठी शाळेत येतात. न कळणाऱ्या भाषेत चाळीस मिनिटे बसणे म्हणजे काय, ते आम्हाला चांगले आठवते. बाईंनी मग एवढेच केले की गोष्ट सुरू करण्याआधी त्या मुलीला जवळ बसवून दोन मिनिटांत हिंदीत सार सांगायच्या, आणि मांजर, विहीर, सुपली असे चार शब्द तिच्याकडून म्हणवून घ्यायच्या. दिवाळीपर्यंत त्या तासाला अंगठा क्वचितच दिसू लागला. एक दिवस तिने हात वर करून विचारले, "बाई, सुपली म्हणजे सूप का?" झोपताना ती अजून चोखते, असे आजी सांगतात. चालेल. दंतवैद्यांना दाखवले आहे, ठिपक्यांची दिनदर्शिका भिंतीवर लागली आहे.

ज्येष्ठ विश्वस्तांना आमचे नम्र सांगणे हेच. ही मुलगी एक वर्ष उशिरा आली असती तर काय झाले असते? आणखी एक वर्ष हिंदीत गेले असते आणि अंगठा होता तिथेच राहिला असता. आपल्या शाळेची पटसंख्या आपण जाणतो. मराठी शाळेत मूल घालणारे आईबाप आधीच थोडे. त्यांच्या दारात आपण असा रकाना उभा करू, तर पहिली परत जातील ती नेमकी हीच मुले, ज्यांना मराठी घरात मिळत नाही. अंगठा मागणाऱ्या गुरूची एक गोष्ट आपल्या महाभारतात आहेच. त्या गुरूला कोणी त्यासाठी मोठे म्हटल्याचे आम्हाला आठवत नाही.

म्हणून या सत्रापासून बालवर्ग ते दुसरीत आम्ही चार गोष्टी ठरवल्या आहेत. कोणतेही शिक्षक मुलाचा अंगठा ओढून काढणार नाहीत आणि वर्गासमोर त्याचा उल्लेख करणार नाहीत. अंगठा वारंवार दिसला तर तो केव्हा जातो याची आठवडाभर नोंद ठेवून मगच पालकांशी बोलतील, तेही एकांतात. गोष्टीच्या तासाआधी ज्या मुलांना मराठी कमी येते त्यांच्यासाठी दोन मिनिटे हिंदीतून सार सांगितले जाईल. डब्याआधी सर्वांचे हात साबणाने धुतले जातील. यांतल्या कशालाही पैसे लागत नाहीत. साबण तेवढा पालक-संघाने द्यावा, ही विनंती.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटचे दोन शब्द तुमच्यासाठी. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी अंगठा चोखणारा भाऊ किंवा बहीण असेल. त्याला 'कुकुलं बाळ' म्हणून चिडवू नका. तुमचा अंगठा कोणत्या वर्षी सुटला, हे आधी आईला विचारा! त्याच्याशी पत्ते खेळा, त्याला पतंगाची फिरकी धरायला द्या. ज्याचे दोन्ही हात फिरकीवर आहेत, त्याचा अंगठा तोंडात जात नाही.

पालकांनी आपले अनुभव कार्यालयात लिहून द्यावेत, हिंदीत लिहिले तरी चालेल. विश्वस्त मंडळाच्या बैठकीत ते आम्ही वाचून दाखवू.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपली,
मुख्याध्यापिका